आडाख्याचा विमा

हसीना मुजावर यांचं पत्र दिवाळीनंतरच्या आठवड्यात आलं, आणि मार्च उजाडला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. वाचत असलेल्या पुस्तकात मी ते खूण म्हणून घालत होतो आणि पुस्तक संपलं की पुढच्या पुस्तकात. चार महिन्यांत ते पाच पुस्तकं फिरून आलं.

"उपाध्ये सर, सप्रेम नमस्कार," असं त्यांनी लिहिलं होतं. "तुम्ही फोन उचलत नाही हे ठाऊक आहे, म्हणून पत्र. आपला गट एकशे एकाहत्तरवर आला आहे. एकतीस मार्चला दोनशे भरले नाहीत तर कंपनी करार बंद करणार. रेश्माचं मूत्रपिंड बदलण्याचं ऑपरेशन जूनमध्ये ठरलंय. मूत्रपिंड मी देणार आहे. गट मोडला तर तिला दुसरं कुणी दारात उभं करणार नाही, तिचा आडाखा तुम्हाला माहीत आहे. दोनच गोष्टी विचारते. तुम्ही परत याल का? आणि पाच वर्षांपूर्वी तुम्ही बाहेर पडलात, ते बरोबर होतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असलं तरी चालेल, पण लिहा."

रेश्मा त्यांची मुलगी. सांगलीच्या एका शाळेत मी आठ वर्षं गणित शिकवत होतो आणि हसीनाबाई भूगोल. पुढे मी शाळा सोडून लोकांना गुंतवणुकीचा आणि विम्याचा सल्ला द्यायला लागलो. माणसांशी बोलताना माझी जीभ अडखळते, पण आकड्यांशी अडखळत नाही, म्हणून तो धंदा जमला असावा. आरोग्य विम्याचा गट आम्ही दोघांनी मिळून काढला. शाळांतले शिक्षक, शिपाई, बाजारातले दुकानदार, त्यांची कुटुंबं. सगळ्यांना एकच दर आणि कुणाला काही विचारायचं नाही. गणित माझं, माणसं हसीनाबाईंची. भरात असताना गटात चारशे बारा सभासद होते.

मग आडाखा आला.

ज्यांनी तो करून घेतला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपली जनुकं जन्मापासून तीच असतात, पण त्यांच्यावर लहान लहान रासायनिक खुणा बसत जातात. खाणं, झोप, धूर, काळजी, सगळं त्या खुणांत उतरतं. रक्तात हजारो प्रथिनं फिरत असतात, तीही कमीजास्त होत शरीरात काय शिजतंय ते सांगत असतात. हे सगळं डॉक्टरांना पूर्वीही माहीत होतं, पण एका थेंबात, पाचशे रुपयांत, एकदम मोजता येत नव्हतं. ते जमलं. मग एका यंत्राला कोट्यवधी रुग्णांचे जुने कागद वाचायला दिले: अशा खुणांच्या माणसाला पुढे काय झालं, आणि त्याचा दवाखान्याचा खर्च किती आला. यंत्र आता बोटाच्या थेंबावरून पुढच्या वीस वर्षांच्या खर्चाचा आलेख काढून देतं. मधे एक रेषा आणि तिच्या दोन्ही अंगांना करडा पट्टा. रेषा खाली असली तर माणूस हिरवा, वर असली तर लाल.

कायद्याने कुणावर सक्ती नव्हती. मात्र आडाखा केला असेल तर तो विमा कंपनीपासून लपवता येत नव्हता. आमच्यासारख्या गटांना तेवढी सूट होती: सगळ्यांना एक दर द्यायचा असेल तर आडाखा मागायचा नाही.

मी केला तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो. वयाच्या मानाने हिरवागार निघालो. एकट्याची पॉलिसी घेतली तर गटाच्या निम्म्याहून कमी हप्ता बसत होता. गिऱ्हाइकाला जो सल्ला दिला असता तोच मी स्वतःला दिला आणि एकतीस मार्चला चार ओळींचा अर्ज करून गटाबाहेर पडलो. कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पुस्तकात लिहिलेली नाही. तुम्ही तासभर कोष्टकं दाखवा, गिऱ्हाईक मान हलवतं, चहा संपवतं आणि उठता उठता विचारतं, "ते राहू दे सर. तुम्ही स्वतः काय केलंय?" मला खोटं बोलता येत नाही. पहिल्यांदा विचारलं ते भरत खोतने, मी बाहेर पडल्यावर दुसऱ्या वर्षी. त्याचं गणपती पेठेत हार्डवेअरचं दुकान, शाळेत माझा विद्यार्थी. मी म्हणालो, "मी बाहेर पडलोय." त्याने पुढचं काही विचारलंच नाही. त्या वर्षी माझ्या वहीतले एकसष्ट जण बाहेर पडले. सगळे हिरवे. हिरवे गेल्यावर उरलेल्यांचा हप्ता वाढला, वाढल्यावर आणखी हिरवे गेले. उतरंडीतलं खालचं मडकं मीच काढलं होतं, आणि वर मडक्यांचा आवाज होत असताना मी घरात बसून वाचत होतो.

तेव्हा हसीनाबाईंना काय लिहिणार होतो? 'बरोबर होतं' म्हटलं तर ते गणिताने खरं होतं, आणि लिहिताना हात थांबत होता. 'चूक होतं' म्हटलं तर चूक कुठे ते दाखवता येत नव्हतं. न दाखवता आलेली चूक मान्य करायची मला सवय नाही. ती सवय असायला हवी होती, हे आता कळतं.

मार्चच्या पहिल्या सोमवारी भरत खोत घरी आला. चप्पल न काढताच दारात उभा राहिला.

"काय सर, बसलाय निवांत?"

"ये. बस."

"बसतोय कशाला? उभ्याउभ्याच सांगतो. तीन वर्षं झाली, पॉलिसीवाल्यांनी परत रक्त घेतलं. लाल आलोय."

मी त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"दुखत काय न्हाई, खुपत काय न्हाई. रोज आमराईत चालतोय. पण रेघ वर गेली म्हणत्यात. हप्ता पाचपट. पाचपट, सर! तुमच्या अभिनंदननंच कागद आणून दिला. बिचारा खाली बघून बोलत होता."

अभिनंदन माझा मुलगा. माझं ऑफिस आता तोच चालवतो.

"तुला बाहेर पड असं मी म्हटलं नव्हतं, भरत," मी म्हणालो आणि म्हणतानाच मला लाज वाटली.

"न्हाई म्हटलं. तुम्ही कधी कुणाला काय म्हटलंय? तुमच्या मागनं आलो, एवढंच." मग त्याने चप्पल काढली आणि आत येऊन बसला. "मुजावर बाईंच्या गटात परत घ्या म्हणून गेलो होतो. त्या म्हणाल्या, ये की, पण एप्रिलला गट असंल तर. वर चहा पाजला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

तो गेल्यावर मी कपाटातून कंपन्यांचे वार्षिक अहवाल काढले. हे अहवाल कुणी वाचत नाही, मी वाचतो. पाच वर्षांपूर्वीच्या अहवालाच्या परिशिष्टात एक कोष्टक होतं, बारीक टायपातलं. आज हिरवे असलेले शंभर जण तीन वर्षांनी पुन्हा तपासले तर अठ्ठ्याहत्तर हिरवे उरतात. सहा वर्षांनी एकसष्ट. नऊ वर्षांनी सत्तेचाळीस. समासात माझ्या पेन्सिलीची खूण होती. म्हणजे मी हे तेव्हाही वाचलं होतं. पण खूण फक्त पहिल्या ओळीला होती. पॉलिसी तीन वर्षांची, म्हणून मी तीन वर्षांचं गणित केलं. आमच्या फॉर्मवर आडाख्यासाठी एकच चौकोन असतो. त्यात मधली रेषा लिहायची, करडा पट्टा लिहायला जागा नसते. वर्षानुवर्षं मी तो चौकोन भरत आलो, आणि चौकोनात मावत नाही ते नसतंच असं समजत आलो.

चूक सापडली होती. एका वाक्यात मावत होती. आजाराचा विमा आम्ही सगळ्यांनी उतरवला होता, आडाखा बदलण्याचा विमा कुणीच उतरवला नव्हता. आपला जुना गट नेमका तोच विमा होता. तिथे माणूस हिरव्याचा लाल झाला तरी हप्ता तोच राहायचा. त्याला वेगळं नाव नव्हतं, म्हणून तो स्वस्तात विकून टाकताना आम्हाला काही विकतोय असं वाटलं नाही.

संध्याकाळी अभिनंदन आला तेव्हा मी कोष्टक त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वाचलं. तो माझ्यापेक्षा लवकर वाचतो.

"बरोबर आहे, अण्णा. मग?"

"मग मी गटात परत जाणार. आणि माझ्या वहीतल्यांनाही विचारणार."

त्याने चष्मा काढून पुसला. "तुमच्या वहीतले म्हणजे माझे गिऱ्हाईक. ऑफिसच्या पाटीवर अजून तुमचं नाव आहे. बापच म्हणतोय मुलाकडची पॉलिसी सोडा, असं होणार. लोक काय समजतील?"

"खरं तेच समजतील."

"मी कुणाला फसवलं नाही. त्या दिवशी जे स्वस्त होतं ते सांगितलं. तुम्हीच शिकवलंत."

"मीच शिकवलं," मी म्हणालो. "तुझी चूक नाही."

"तुम्ही आत्ता एकाहत्तरचे. अजून हिरवे. गटात गेलात तर दुप्पट भरणार, आणि उद्या हप्ता वाढला की हेच हिरवे पुन्हा पळणार. पुढच्या मार्चला पुन्हा हेच. मग त्या बाईंच्या मुलीला काय उपयोग?"

मी अहवाल मिटला. तो जेवायला न थांबता गेला. त्याची आई दारापर्यंत गेली आणि परत येऊन मला म्हणाली, "तुम्ही दोघं एकसारखे. एकाला बोलता येत नाही आणि दुसऱ्याला ऐकता."

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते गुरुवारी दुपारी, आणि शोधूनही ते मला पुस्तकात मिळालं नसतं. आमच्या गल्लीतल्या अकरा बायकांची भिशी हिच्याकडे असते. दर महिन्याला सगळ्या सारखी रक्कम आणतात, चिठ्ठी निघेल तिला सगळी उचल मिळते. अकरा महिन्यांत प्रत्येकीची पाळी येते. मी शेजारच्या खोलीत होतो. दार उघडं होतं.

"पद्माक्का, या महिन्यापासून मला धरू नका," वरच्या मजल्यावरची शोभा म्हणत होती. "आमचं आता कोल्हापूरला चाललंय."

"जा की. कोल्हापूर काय लांब आहे? फोनवरनं पाठवायचे पैसे."

"तसं नव्हे. आता मला भिशीची गरज नाही."

"गरज नाही कशी? दुसऱ्याच महिन्यात उचललीस तू."

"उचलली म्हणूनच म्हणते."

बायका हसल्या. हिचा आवाज मात्र हसरा नव्हता. "शोभे, चिठ्ठी तुझी आधी निघाली म्हणजे तू हुशार ठरलीस होय? दहा जणींनी तुझ्या उचलीत पैसे घातले ते तुझं तोंड बघून नाही. तू शेवटपर्यंत भरणार म्हणून घातले. तुझी जामीन कोण होती?"

"मी," कुणीतरी म्हणालं. "आणि मी हिला कोल्हापुरात जाऊन धरीन."

पुन्हा हसणं झालं, आणि शोभाने पैसे काढून दिले असावेत, कारण बोलणं पोह्यांकडे वळलं.

मी पेन खाली ठेवलं. हिरवा आडाखा म्हणजे आधी निघालेली चिठ्ठी. आमच्या गटात ज्याची चिठ्ठी निघाली तो उचल घेऊन चालता झाला, कारण मी नियमच तसा केला होता: सभासदत्व एक वर्षाचं, मार्चमध्ये वाटलं तर सोडा. भिशी चालवणाऱ्या कुठल्याही बाईने असला नियम केला नसता. मी पदवीधर, म्हणून केला.

रात्री जेवताना मी हिला विचारलं, "भिशीतून कुणाला खरंच जायचं असेल तर?"

"आपल्या जागी माणूस आणायचं. नाहीतर उरलेले हप्ते भरायचे. आणि नाही भरले तर जामीन भरतो." तिने माझ्या ताटात भात वाढला. "का हो? कुणाला जामीन राहताय?"

"अजून नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी नियम लिहून काढला. गटात येणाऱ्याने दहा वर्षांसाठी यायचं. आडाखा करा किंवा करू नका, हिरवा येवो की लाल, हप्ता सगळ्यांना एकच. मधे सोडायचं असेल तर आपल्या जागी दुसरा सभासद आणायचा, नाहीतर उरलेल्या वर्षांचा वाटा भरायचा. प्रत्येकाला गटातलेच दोन जामीन. असा नियम करायचा अधिकार गटाच्या सभेला होता. दहा वर्षं हलणार नाहीत अशी माणसं मिळत असतील तर कंपनीही नाही म्हणणार नव्हती. मी उलटसुलट तीनदा गणित केलं. दोनशेच्या वर टिकत होतं.

मग माणसं. मी वही काढली. सल्लागार असताना लोक माझ्याकडे यायचे. कुणाच्या दारात जाऊन मी आयुष्यात काही मागितलेलं नाही. एकसष्ट नावं होती, दिवस वीस उरले होते.

त्याच सकाळी अभिनंदनने माणसाहाती एक कागद पाठवला. माझ्या वहीतली एकसष्ट नावं, समोर आजचे पत्ते. कोण विश्रामबागला राहायला गेलं, कोण मुलाकडे मिरजेला, कोण वारलं. खाली त्याच्या अक्षरात एकच ओळ: "तुमची यादी जुनी आहे. निम्म्या घरी कुलूप दिसलं असतं."

पहिल्यांदा भरतकडे गेलो. त्याने नियम वाचला.

"दहा वर्षं? आणि समजा आठ वर्षांनी मी परत हिरवा झालो तर?"

"तरी भरायचं."

"आणि लाल राहिलो तर?"

"तरी तेवढंच भरायचं."

"जामीन कोण राहणार माझा? लाल माणसाला कोण राहतंय?"

"मी राहतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. शाळेत फळ्यासमोर उभं केल्यावर बघायचा तसं. "सर, तुम्हाला घाम आलाय. पाणी घ्या आधी." मग सही केली आणि दुकान पोराच्या ताब्यात देऊन स्कूटर काढली. "चला. तुम्ही गणित सांगा, बोलायचं माझ्याकडं लागलं."

बोलणं त्याचं असलं तरी काही घरांत मलाच बोलावं लागलं. निवृत्त मुख्याध्यापक आवटी सरांनी हसत विचारलं, "उपाध्ये, त्या वेळी बाहेर कशाला पडलात हो? आता आठवण झाली?" मी म्हणालो, "त्या वेळी मी कोष्टकाची एकच ओळ वाचली." ते म्हणाले, "आणि आता सगळ्या ओळी वाचल्यात, म्हणून आम्ही भरायचं?" त्यांनी सही केली नाही. एका घरात दार उघडलं आणि मला बघून बंद झालं. एका बाईने आतून आडाख्याचं बंद पाकीट आणून दाखवलं. पॉलिसीवाल्यांनी नव्याने घेतलेल्या रक्ताचं ते पाकीट तिने पंधरा दिवस उघडलं नव्हतं. "हे उघडायचं की नाही याचीच मला रोज भीती," ती म्हणाली. "गटात आले तर उघडायची गरज नाही ना?" मी नाही म्हटलं. तिने तिथेच सही केली आणि पाकीट गॅसवर धरलं.

प्रत्येक घरी शेवटी तोच प्रश्न यायचा. "तुम्ही स्वतः काय केलंय?" मी माझा अर्ज दाखवायचो. सही केलेला, पुढच्या दहा वर्षांचा. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने दहा वर्षांचा अर्ज भरलेला बघून काही जण हसले. हसले त्यांतल्या बहुतेकांनी सही केली.

छत्तीस अर्ज झाले, माझा धरून. तेवीस जणांना जामीन मी. हिला सांगितलं तेव्हा ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "तेवीस?" मग पुन्हा लाटायला लागली. "दुसरा जामीन मी राहिले तर चालतं का? गटात नाव माझंही घाला आधी." मग सदतीस झाले.

अभिनंदनने सही केली नाही. त्याच्या ऑफिसात त्या पंधरवड्यात अकरा पॉलिसी बंद झाल्या. पाटीवरचं माझं नाव त्याने काढून घेतलं. रविवारी तो जेवायला आला, त्याविषयी आम्ही काही बोललो नाही. जाताना त्याने विचारलं, "रेश्माचं ऑपरेशन जूनमध्येच आहे ना?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "अर्जांवर खाडाखोड करू नका. केली की कंपनी परत पाठवते."

पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. पहिल्या मसुद्यात सात पानं होती. आडाख्याचं शास्त्र, माझं गणित, माझी परिस्थिती, मी का गप्प राहिलो. ते वाचल्यावर मला दिसलं की सातही पानांत हसीनाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर कुठेच नाही. मी ते फाडलं. दुसरं फाडलं. तिसरं एका पानात बसलं.

"हसीनाबाई, सादर नमस्कार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मी परत येतोय, सोबत सदतीस अर्ज आहेत. नवा नियम वेगळ्या कागदावर लिहिला आहे, सभेपुढे ठेवावा. तो पद्मजाच्या भिशीचा आहे, माझा नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, बरोबर नव्हतं. मी तीन वर्षांचं गणित केलं आणि माणसं त्याहून जास्त जगतात. ते तुम्हाला चार महिने कळवलं नाही, ही वेगळी चूक, आणि तिला गणिताचं कारणही नाही. सगळे सभेत टिकतील याची मी खात्री देत नाही. दोन-चार गळतील. तरी दोनशे भरतील. रेश्माला सांगा, जूनची तारीख बदलू नका. आपला, भालचंद्र उपाध्ये."

गटाचा एक नियम अजून चालू होता: अर्ज टपालाने पाठवायचे आणि टपालाच्या शिक्क्याची तारीख धरायची. हसीनाबाई जयसिंगपूरला राहतात, अर्ध्या तासाचा रस्ता, पण हातात दिलेले अर्ज चालत नाहीत. अठ्ठावीस मार्चला मी पोस्टात गेलो. स्पीड पोस्टची खिडकी आता आठवड्यातून तीनच दिवस उघडी असते. आतल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं.

"एवढं जाड? पुस्तक आहे का?"

"अर्ज आहेत."

"आजोबा, हे आता ऑनलाइन होतं सगळं."

"इथे शिक्का लागतो," मी म्हणालो. "तारीख दिसेल असा मारा."

त्यांनी मारला. मी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून वाचला. अठ्ठावीस, स्पष्ट. त्यांनी पाकीट मागच्या पिशवीत टाकलं आणि मला पावती दिली.